एकच चित्र की दहा?

मुलांनो, चित्र काढण्यापेक्षा ते विकणं अवघड असतं, हे मला यंदा आमच्या शाळेच्या चित्रप्रदर्शनात कळलं.

मी देवळाली कॅम्पात चौथीला शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं चाळीपुढं बसून कांदे निवडणारी आजी रंगवली होती. उन्हाळ कांद्याचा तो गुलाबीसर रंग तिला इतका छान साधला होता की काय सांगू! प्रदर्शन बघायला आलेले एक निवृत्त सुभेदार काका म्हणाले, "मी पाचशे रुपये देतो. चित्र मला दे." पाचशे! वर्गात नुसता गलका झाला. तेवढ्यात आणखी दोघांनी विचारलं, "आम्हालाही असंच मिळेल का?"

मुलीचा दादा दहावीत आहे. तो म्हणाला, "रंगीत प्रती काढू की!" पण मुलगी गप्प झाली. मला हळूच म्हणाली, "बाई, काकांना वाटेल आपल्याकडं एकच आहे. मग दुसऱ्याच्या घरी दिसलं तर?"

हाच पेच सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका मोठ्या चित्रकारापुढं होता. त्यांचं नाव राजा रविवर्मा. केरळातल्या किळिमानूरचे, जन्म १८४८ चा. त्यांची तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या महालात लागायची. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी पौराणिक चित्रं काढली, ती महालात जाण्याआधी लोकांना दाखवली, तर बघायला ही गर्दी! पण बघून घरी जायचं, हातात काही नाही. टी. माधवराव नावाच्या जाणत्या दिवाणांनी त्यांना सुचवलं, चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. शेवटी रविवर्म्यांनी आणि त्यांच्या भावानं १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे.

तेव्हाचं छापणं म्हणजे बटण दाबलं की झालं असं नव्हतं बरं का! गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं चित्र उलटं उतरवायचं. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी राहतं, तिथं शाई धरत नाही. रेषांवर मात्र धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसला पाहिजे. जरा सरकला की देवीचं कुंकू गालावर! दगडावर चित्र उतरवणारे कारागीर वेगळेच असत. चित्राखाली त्यांचं नाव नसे. मला याचं फार वाईट वाटतं.

लक्ष्मी, सरस्वती अशी चित्रं घराघरांत गेली. काही बायका त्यांवर जर आणि टिकल्या चिकटवून साडी सजवायच्या. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी त्याच वळणाची होती.

आणि रविवर्मा श्रीमंत झाले? छे! मुंबईत प्लेगची साथ आली, कर्ज वाढलं. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, तरी तो परवडेना. शेवटी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, श्लायशर यांना, विकावा लागला, चित्रं छापण्याच्या हक्कासकट. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके पुढं सिनेमाकडं वळले, त्याआधी त्यांनी या छापखान्यासाठी काम केलं होतं.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. मग मुलगी धीर करून काकांकडं गेली. "काका, मी प्रती काढल्या तर चालेल?" काकांनी स्पष्ट सांगितलं, "काढ. पण मग मी तीनशेच देईन."

आम्ही फळ्यावर गणित मांडलं. एका प्रतीला खर्च वीस, किंमत पन्नास. दहा खपल्या तर तीनशे सुटतात. काकांचे तीनशे धरून सहाशे. दादा खूश! पण मागणारे दोघंच. दहा छापून दोनच खपल्या तर? खर्च दोनशे, आले शंभर. काकांच्या तीनशेतले दोनशेच उरतात. एक मुलगा म्हणाला, "बाई, रविवर्म्यासारखंच!"

एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, ती सांगितली. आपण मनानं काढलेलं चित्र विकलं, तरी ते छापायचा हक्क आपल्या कायद्यानुसार आपोआप विकला जात नाही. तो लेखी द्यावा लागतो. मात्र कुणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलं असेल, तर वेगळं काही ठरलं नसल्यास हक्क त्याचा. म्हणून आधी बोलून घ्यावं. काही चित्रकार ठरावीकच प्रती काढतात, आणि प्रत्येकीवर पेन्सिलीनं ३/१० असा आकडा घालून सही करतात. म्हणजे दहातली तिसरी. अकरावी काढायची नाही, हा शब्द.

मुलीनं ठरवलं, मागितल्या तेवढ्या दोनच प्रती. काकांना तसं सांगितलं, ते चारशेवर आले.

परवा नमुन्याची प्रत आली. कांदे टोमॅटोसारखे लालभडक! आजी म्हणाली, "ही विकायची नाही. लोक म्हणतील म्हातारीला कांदा कळत नाही." मुलगी मूळ चित्र घेऊन पुन्हा दुकानात गेली आहे.