वाहतूक-कोंडीत तापणारे इंजिन : निदान व उपाय

मे महिन्यातील दुपार. कोलकात्यात हावडा पुलावर वाहनांची रांग जागच्या जागी खिळलेली असते. अशा वेळी एखाद्या मोटारीच्या तापमानदर्शकाचा काटा हळूहळू लाल खुणेकडे सरकू लागतो आणि पाहता पाहता बॉनेटखालून वाफ येऊ लागते. नवलाची गोष्ट अशी, की हीच मोटार त्याच सकाळी दुर्गापूर द्रुतगती मार्गावर तासभर वेगाने धावूनही तापलेली नसते. धावताना थंड राहणारे इंजिन उभे राहिल्यावरच का तापावे? या प्रश्नाच्या उत्तरातच बिघाडाचे निदान दडलेले आहे.

उष्णता जाते कोठे?

पेट्रोलपासून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारणतः एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर बाहेर पडतो आणि जवळजवळ तितकाच वाटा कूलंटला, म्हणजे इंजिनाभोवती खेळणाऱ्या शीतक द्रवाला, वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप हा द्रव इंजिनातून रेडिएटरकडे ढकलतो व तेथे तो हवेने थंड होतो. गाडी वेगात असताना ही हवा आपोआप मिळते. गाडी उभी असताना मात्र ती केवळ पंख्याकडूनच मिळू शकते.

म्हणून एक सोपा नियम लक्षात ठेवावा. गाडी फक्त कोंडीत तापत असेल, तर दोष बहुधा हवेच्या बाजूस असतो. खंडाळ्याच्या घाटासारख्या चढावर किंवा महामार्गावर तापत असेल, तर दोष द्रवाच्या बाजूस, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट अथवा वॉटर पंप यांत शोधावा. दोन्ही ठिकाणी तापत असेल, तर प्रथम गळती व कूलंटची पातळी पाहावी.

जुना पंखा, नवा पंखा

कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथील कारखान्यात 2014 पर्यंत तयार होणारी अॅम्बॅसिडर अनेक वर्षे या शहराच्या पिवळ्या टॅक्सीचे रूप होती. तिच्या जुन्या इंजिनावरील पंखा पट्ट्याने फिरत असे. इंजिन मंद चालले की पंखाही मंदावे आणि पट्टा सैल झाला असल्यास तो जवळजवळ निरुपयोगी ठरे. कोंडीत गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर किंचित दाबण्याची चालकांची सवय म्हणूनच सयुक्तिक होती. त्यामुळे पंखा व पंप दोन्ही वेग घेत.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत पंखा विजेवर चालतो. तेथे अॅक्सिलरेटर दाबून पंख्याचा वेग वाढत नाही. कूलंट ठरावीक तापमानापर्यंत पोहोचले, की सेन्सरच्या इशाऱ्याने रिले पंखा सुरू करतो. या साखळीतील एक कडी जरी निखळली, तरी मोकळ्या रस्त्यावर काहीच जाणवत नाही. पहिल्या मोठ्या सिग्नलला मात्र दोष उघड होतो.

तपासणीचा क्रम

1. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी.

2. गाडी उभी ठेवून वातानुकूलन सुरू करावे. बहुतेक गाड्यांत याबरोबर पंखाही फिरू लागतो. तो असा फिरतो, परंतु इंजिन तापूनही आपणहून सुरू होत नाही, असे आढळल्यास संशय तापमान-सेन्सरवर जातो. तो मुळीच फिरत नसेल, तर फ्यूज, रिले व शेवटी मोटर या क्रमाने तपासावे. इंजिन बंद असतानाही हा पंखा अचानक फिरू शकतो. हात दूर ठेवावा.

3. पंखा ठीक असल्यास रेडिएटर व त्यापुढील कंडेन्सर यांच्या फटी पाहाव्यात. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांवरील चिखल व धूळ तेथे साचते. ती पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने नाजूक पात्या वाकतात.

4. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग तपासून घ्यावी. हे झाकण द्रव दाबाखाली ठेवते व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू 100 अंशांच्या बराच वर जातो. झाकण सैल पडले, की कूलंट लवकर उकळते.

काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. इंजिन योग्य तापमानास येण्यास उशीर होतो, इंधन अधिक लागते आणि पंख्याचा मूळ दोष तसाच राहतो.

रस्त्यात काटा चढल्यास

वातानुकूलन बंद करावे, काचा उघडाव्यात व हीटर पूर्ण सुरू करावा. उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल. परंतु हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनातील उष्णता खेचून घेतो. तरीही काटा चढत राहिल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील उकळता द्रव उसळून गंभीर भाजण्याचा धोका असतो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.

दुर्लक्षाची किंमत

काही शे रुपयांचा रिले वेळीच न बदलल्यास सिलिंडर-हेड वाकते, गॅस्केट फुटते व दुरुस्तीचा खर्च हजारोंच्या घरात जातो. येथे एक गोष्ट वाहनकर्जदारांनी विशेषत्वाने ध्यानी घ्यावी : सर्वसाधारण मोटार विमापत्रात यांत्रिक अथवा विद्युत बिघाडामुळे होणारे नुकसान वगळलेले असते. टॅक्सी चालवून उपजीविका करणाऱ्याची गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली, तर कमाई थांबते. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. म्हणून काटा नेहमीच्या जागेपासून थोडा जरी वर दिसू लागला, तरी त्याच आठवड्यात पंखा तपासून घ्यावा. खर्च सर्वांत कमी असतो, तो याच टप्प्यावर.