सोयाबीनचे भाव : नजीकचा अंदाज

नांदेडजवळील विष्णुपुरीच्या परिसरातही सोयाबीनच्या भावासाठी लातूर बाजारपेठेकडे पाहिले जाते. हा भाव मात्र तेल व पेंड यांच्या जागतिक बाजारावर आणि आयात धोरणावर बराच अवलंबून असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास पोहोचलेला दर, पेंडीच्या आयातीस परवानगी मिळाल्यावर व नवा माल येताच ऑक्टोबरमध्ये जवळजवळ निम्म्यावर आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सेबी’ने सोयाबीनचे वायदे स्थगित केले, भावी दराचा अंदाज देणारे, फारसे अचूक नसले तरी, एक साधन त्यामुळे गेले. काढणीच्या वेळीच माल विकावा लागू नये म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे. गोदामातील सोयाबीनवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने ६ महिन्यांसाठी मिळते. त्या अवधीत भाव वाढेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.