त्यांना काय देतेस?

हॉस्पिटलमधून घरी सोडायच्या दिवशी आहारतज्ज्ञ मुलीने कागद दिला तो यांच्या हातात. मी पर्समधून पेन काढून तयारच होते. लग्न झाल्यापासून यांच्या गोळ्यांच्या वेळा, पथ्यं, तपासण्यांच्या फायली सगळं माझ्याकडे. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीची यांची ओळख ‘ती गुलाबी’ एवढीच. मुलगी पंचविशीची असेल. म्हणाली, “काकू, तुम्ही ऐका जरूर, पण लिहून काकांनीच घ्यायचं. पोट त्यांचं आहे.” साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून लाखोंची खतावणी जुळवलेला माणूस माझ्याकडे वळून विचारत होता, “अगं, तीस मिलिलिटर म्हणजे किती?”

ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी. पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून करतात. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग स्टेपलरने वेगळा करून काढून टाकायचा. मागे उरते केळ्याच्या आकाराची एक उभी नळी. सुरुवातीला तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटरच्या वर काही मावत नाही. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, भूक लागल्याचं मेंदूला कळवणारं. तो भागच गेला की भूकही जवळजवळ गप्प होते. बायपास म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात जठराची छोटी थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. यांच्यासाठी डॉक्टरांनी स्लीव्ह ठरवलं. मधुमेह, कामातून गेलेले गुडघे आणि झोपेत अडकणारा श्वास अशी तीन कारणं एकाच देहात जमली होती. वजनाच्या या शस्त्रक्रिया कुणी कराव्यात याचे निकष आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली बदलले. सर्वसाधारण सीमा बीएमआय ३५, पण आशियाई माणसांसाठी ती २७.५, कारण आपल्याकडे कमी वजनावरच मधुमेह गाठतो. हे सगळं मी गल्लीतल्या बायकांना समजावून सांगत बसले नाही. ‘चालायला जायचं सोडून पोट कापून घेतलं’ हे त्यांचं मत ठाम होतं, आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना चालणं नेहमीच सोपं वाटतं.

पहिले काही दिवस फक्त पातळ पाणी. औषधाच्या बाटलीवरचं टोपण, तीस मिलिलिटरचं, हेच भांडं. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक टोपण, तेही घोट घोट करत. दिवसाला दीड-दोन लिटर पोटात जायचं तर जागेपणी दुसरं काम उरतच नाही. आमच्या घरात पानाशेजारी तांब्या-भांडं ठेवल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. आता जेवताना पाणी बंद, जेवण झाल्यावर अर्धा तास बंद. लहानशा नळीत पाणी भरलं तर अन्नाला जागा कुठली, आणि अन्नामागून पाणी ओतलं की ते अन्नाला लवकर पुढे ढकलतं. यांनी तांब्याच उचलून माजघरात नेऊन ठेवला. सासूबाईंना ते अशुभ वाटलं.

मग नारळपाणी, पाण्यासारखं ताक, वरणावरची निवळ. आणि अळणी. कोल्हापुरात मटण शिजवलेलं ते बिनतिखटाचं पाणी लहान मुलांना, बाळंतिणींना देतात. सासूबाईंच्या मते जगातलं सगळं बळ त्यात. त्यांनी ते तीनदा गाळून वाटीत आणलं, तेव्हा या ऐंशी पार केलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. अळणीत चव असते, मीठ असतं, ऊब असते. प्रथिनं मात्र फार थोडी. ती सगळी खाली राहिलेल्या तुकड्यांत. तेव्हा प्रथिनांसाठी पावडर आणि साय काढलेलं दूध. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध काढून देतात, तिथे उभं राहून मोठा ग्लास एका दमात संपवणारा हा माणूस निळसर पातळ दूध चमच्याने घेत होता. चेहरा कसा होता ते सांगत नाही.

पातळ संपल्यावर घोटलेलं, मग मऊ, मग दोनेक महिन्यांनी नेहमीचं. या सगळ्या पायऱ्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी चार-सहा चमचे, आणि प्रत्येक वेळी गरम, ताजं, नेमकं तेवढंच मऊ, हे दुसऱ्याने करून वाढणं शक्यच नसतं. मी शाळेची नोकरी करते. सकाळी अकराची वाटी कुणी द्यायची? मग एके दिवशी हे स्वयंपाकघरात शिरले. ओट्यासमोर आयुष्यात प्रथमच उभा राहिलेला माणूस आधी काय करतो, तर सगळे डबे उघडून बघतो. हरभऱ्याचं पीठ आणि तांदळाचं पीठ यांतला फरक वासावरून ओळखायला शिकले. पहिला पदार्थ पिठलं. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं, गुठळ्या झाल्या, मग मिक्सरमधून फिरवलं आणि म्हणाले, नाहीतरी घोटलेलंच खायचंय. पुढच्या खेपेला पीठ आधी गार पाण्यात कालवलं. मी सांगितलं नव्हतं. मी दारात उभी होते आणि हात पदरात गुंडाळून धरले होते, नाहीतर पळी हिसकावून घेतलीच असती.

आमच्या ताटाचा क्रम ठरलेला. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधोमध वरणभाताची मूद, वर तूप, आणि सुरुवात तिथूनच. ऑपरेशननंतर क्रम उलटा. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा. भात बहुतेकदा राहूनच जातो. कारण सरळ आहे. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. ती मिळाली नाहीत तर वजन उतरतं ते स्नायूंचं. आणि पोटात जागा वाटीभर.

इथे हिशेबनीस जागा झाला. कारखान्यातली एक जुनी रोजकीर्द आणली, जमेच्या बाजूला प्रथिनं, खर्चाच्या बाजूला… काही नाही, तिथे गोळ्या. अंडं एक, सहा ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीर, नऊ. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं, तीस ग्रॅम पिठाचं, सहा-सात. तेवढ्याच कोरड्या सोयावडीत पंधरा. आणि मग आला तो धक्का. आमची रोजची आमटी, जिच्यावर या घराचा एवढा विश्वास, ती वाटीभर घेतली तर चार-पाच ग्रॅम. “अगं, हे तर नुसतं पाणी आहे,” हे म्हणाले. एवढ्या वर्षांच्या माझ्या आमटीबद्दल हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. पण डाळ मोजून बघितली, आकडा बरोबर होता. आता आमच्याकडे आमटी दाट असते, सगळ्यांसाठीच.

खायला बसलं की छोटा चमचा, घास पंचवीस वेळा चावायचा, दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवायचा. वीस-पंचवीस मिनिटांत जेवढं जाईल तेवढं. आणि थांबायचं कधी? हा प्रश्न सगळ्यात अवघड. भूक नसल्यामुळे पोट भरल्याची जुनी खूणही नाहीशी झालेली असते. नवी खूण प्रत्येकाची वेगळी. कुणाला उचकी लागते, कुणाला छातीच्या मध्यावर दगड ठेवल्यासारखं जड वाटतं, कुणाला शिंका. यांचं नाक गळायला लागतं. नाक गळलं की थांबायचं. त्यानंतरचा एक घासही उलटून येतो. ही खूण मला बाहेरून दिसत नव्हती, सासूबाईंना दिसत नव्हती, कागदावर लिहिलेली नव्हती. ती यांनी शोधली, चार-पाच वेळा मोरीकडे धाव घेऊन. ‘पानात टाकायचं नाही’ या शिस्तीत वाढलेल्या माणसाला पुढ्यात अर्धी वाटी ठेवून उठणं किती जड जातं ते मी बघितलंय. उपाय यांनीच काढला. ताट बंद, चटणीची वाटी सुरू. मुळातच एवढं घ्यायचं की टाकावं लागणार नाही.

गोळ्यांचं वेळापत्रक ही आणखी एक विद्या. बी-१२ जन्मभर, कारण ते शोषून घ्यायला लागणारं आम्ल आणि एक खास प्रथिन जठरातूनच मिळतं, आणि जठर तर बहुतेक गेलं. त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ आधीच कमी असतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीवर चहा नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे धरतात म्हणून सहा महिने आणखी एक गोळी. मधुमेहाची औषधं तर पहिल्या आठवड्यांतच उतरवावी लागली. रक्तातली साखर इतकी भराभर खाली येते की जुना डोस तसाच चालू ठेवणं धोक्याचं. बोटाला टोचून साखर बघायला, आकडा डॉक्टरांना कळवायला हे स्वतः शिकले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, मूठमूठ. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अरे, सोन्यासारखं शरीर होतं तुझं.” केस नंतर आले. बहुतेकांचे येतात.

एक मात्र मला इथे स्पष्ट लिहायचंय. आपलं आपण करणं म्हणजे डॉक्टरांकडे जायचं बंद करणं, असा अर्थ काही लोक लावतात. वजन उतरलं, आता मला सगळं कळतं, तपासणी कशाला. सतत उलट्या होत असतील तर ते घरी निस्तरण्यासारखं नसतं. बी-१ चा साठा शरीरात थोड्या आठवड्यांपुरताच असतो, तो संपला की मेंदूला आणि नसांना इजा होते. कधी फोन करायचा हे कळणं, तेही आपलं आपण करण्यातच येतं. यांच्या रोजकीर्दीच्या पहिल्या पानावर ती यादी लाल शाईत आहे.

या काळात नातेवाइकांचे फोन यायचे ते मला. “कशी आहे तब्येत? काय देतेस त्यांना?” जाऊबाई, नणंद, यांचे कारखान्यातले मित्रसुद्धा. “दोडक्याची भाजी देतेस का? मेथीचे लाडू दे.” मी फोन यांच्याकडे द्यायला लागले. समोरच्या माणसाची पंचाईत व्हायची. साठीच्या पुरुषाला ‘तुम्ही काय खाता’ असं कुणी विचारत नाही. त्याला काय मिळतं हे त्याच्या बायकोला विचारतात.

पहिलं वर्ष तसं सोपं, असं आता म्हणता येतं. भूकच नव्हती. दुसऱ्या वर्षी ती हळूहळू परतली, नळीही थोडी सैलावली, आणि वजनाचा काटा एका जागी थांबला. याच सुमारास हे शहाणपण आलं की छोटं पोट सगळ्या अन्नाला सारखं अडवत नाही. अंडं, चिकन, भाकरी अडते. आइस्क्रीम विरघळतं आणि घसरत जातं. चिवडा, फरसाण, बिस्किट तोंडातच भुगा होऊन सरकतं, कितीही जातं. उसाचा रस तर वाहतच जातो. म्हणजे जे खायला हवं तिथे ऑपरेशन दार लावतं, आणि जे नको त्याला वाट मोकळी. ही गोष्ट आधी कुणी अशा शब्दांत सांगितली असती तर बरं झालं असतं.

रसाचं प्रकरण एसटी स्टँडजवळच्या रसवंतीवरचं. उन्हाळा, एक ग्लास, बर्फ घालून. पंधरा मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात कळ. बाकड्यावर आडवे झाले. साखरेचा लोंढा थेट आतड्यात उतरला की तिथे पाणी ओढलं जातं आणि शरीर असं घाबरतं. बायपासवाल्यांत हे जास्त, पण स्लीव्हमध्येही होतं. गुळाने, काकवीनेसुद्धा होतं; आतड्याला गूळ सात्त्विक वगैरे काही वाटत नाही. रात्री हे म्हणाले, “जन्मभर ज्या कारखान्याचा हिशेब लिहिला त्यानं सूड घेतला.” आणि ते वहीत लिहिलं.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे, हजारो माणसांचा, वर्षानुवर्षं चाललेला. त्यातल्या शस्त्रक्रिया बहुतेक जुन्या पद्धतीच्या होत्या, पण आलेख वाचण्यासारखा आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सगळ्यात खाली, मग थोडं परत चढतं, आणि आठ-दहा वर्षांनी स्थिरावतं, मूळ वजनाच्या बरंच खाली. थोडं चढणं म्हणजे पाप नव्हे. हा आलेख यांना फार आवडला. वहीत चिकटवलाय. दोन किलो वाढले की तो बघतात, आणि मग आठवडाभर फरसाणाचा डबा सासूबाईंच्या कपाटात.

पंगतीत जायच्या आधी घरून उकडलेलं अंडं किंवा मूठभर फुटाणे खाऊन निघतात. जिलेबीचा आग्रह करणाऱ्याला ‘साखर आहे’ म्हणायचं सोडलंय, कारण त्यावर ‘एकाने काय होतंय’ हे ठरलेलं. आता म्हणतात, “झालं माझं,” आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागतात. हे तंत्र मीही उचललंय, साडीच्या दुकानात.

मिसळ सुटलेली नाही. कोल्हापुरात राहून ती सोडायला सांगणारा डॉक्टर अजून भेटायचाय. ठरलेल्या हॉटेलात, ठरलेल्या टेबलावर. पोऱ्याला पाठ झालंय: मटकी जास्त, कट दोन चमचे, फरसाण नको, कांदा-लिंबू वेगळं. मटकी चावून चावून खातात, नाक गळेपर्यंत. तिखटाने गळलं की पोटाने, हा वाद आमच्यात चालू आहे. पैसे पूर्ण प्लेटचे. ब्रेडच्या स्लाइस कागदात बांधून घरी येतात, संध्याकाळी सासूबाई त्या चहात बुडवून खातात आणि म्हणतात, मिसळ एकाने खायची आणि ब्रेड दुसऱ्याने, हा कुठला न्याय?