एचआयव्हीची ‘शांत’ वर्षे

लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या एका विरळ न्यूमोनियाची, म्हणजे पुढे एड्स म्हटल्या गेलेल्या रोगाची, नोंद ५ जून १९८१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. दोनच वर्षांत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रांस्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतून त्याचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, वेगळा केला. १९८५ मध्ये रक्तचाचणी आली आणि १९८६ मध्ये चेन्नईत भारतातले पहिले बाधित आढळले. रोगाचे कारण असे झटपट सापडले, पण ते कारण शरीरात नेमके काय करते हे उमगायला बराच काळ गेला. उपचार नसतील तर संसर्गापासून एड्सपर्यंत साधारण आठ-दहा वर्षे जातात. या काळात माणूस धडधाकट दिसतो, म्हणून विषाणूही स्वस्थ बसला असेल असा समज झाला. गेल्या चार दशकांत सर्वांत महाग पडलेली चूक हीच, असे माझे मत आहे.

विषाणूचे लक्ष्य असते सीडी४ पेशी, म्हणजे रोगप्रतिकाराची सूत्रे हलवणारी पांढरी पेशी. आवरणावरच्या प्रथिनाने तो आधी सीडी४ या रेणूला चिकटतो, मग बहुधा सीसीआर५ या दुसऱ्या रेणूला. हा दुसरा दरवाजा १९९६ मध्ये सापडला. आत शिरल्यावर तो आपल्या आरएनएची डीएनए प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात कायमची घुसवतो. मग पेशीच नवे विषाणू घडवू लागते. १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी रुग्णांना नवी औषधे देऊन रक्तातला विषाणू मोजला. दोन आठवड्यांत तो कोसळला. म्हणजे औषधापूर्वी रोज प्रचंड उत्पादन आणि तितकाच संहार चालू होता. पुढच्या वर्षीच्या गणितानुसार दिवसाला सुमारे एक हजार कोटी विषाणू. बाहेरून दिसणारी शांतता ही चुरशीच्या लढाईतली बरोबरी होती. दर घन मिलिमीटर रक्तातली सीडी४ची संख्या २०० च्या खाली गेली की ती बरोबरी संपते आणि क्षयासारखे आजार उसळी घेतात.

एड्सचे कारण एचआयव्ही हे न मानणारे शास्त्रज्ञ पीटर ड्यूसबर्ग यांचा आक्षेप होता, की रक्तातल्या इतक्या थोड्या पेशी बाधित असताना हा विषाणू प्रतिकारशक्ती ढासळवेल कसा? प्रश्न रास्त होता, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष टिकला नाही. खरा विध्वंस रक्ताऐवजी लसिकाग्रंथींत आणि आतड्यात होतो. आतड्यातल्या सीडी४ पेशी तर पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. ज्या पेशींत संसर्ग अर्धवट राहतो, त्याही दाह पेटवून मरतात. शिवाय केवळ विषाणूला रोखणाऱ्या औषधांनी सीडी४ पुन्हा वाढतात, मग कारण दुसरे कसे असेल? दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या सरकारने एचआयव्हीच कारण असल्याचा पुरावा झिडकारला आणि औषधे देणे लांबवले. त्यात तीन लाखांहून अधिक जीव अकाली गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा २००८ मधला हिशेब आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धडधाकट माणसाला आयुष्यभर औषधे का द्यायची? १९८७ मध्ये आलेले एझेडटी हे औषध एकटेच लवकर सुरू करून आयुष्य वाढले नाही आणि १९९६ नंतरच्या संयुक्त उपचारांचे दुष्परिणामही त्रासदायक होते, त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांनी थांबणे समजण्यासारखे होते. पण २००६ च्या स्मार्ट चाचणीत औषधे मध्येच थांबवणारे जास्त दगावले, तर २०१५ च्या स्टार्ट चाचणीत लगेच उपचार घेणाऱ्यांचे गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पुण्यातल्या केंद्राचाही सहभाग असलेल्या एका चाचणीने २०११ मध्ये दाखवले, की लवकर उपचारांनी जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये वर्षाला ३५० डॉलर अशी किंमत जाहीर केल्याने ही औषधे गरीब देशांच्या आवाक्यात आली. भारतात २००४ पासून ती मोफत मिळू लागली, तरी सीडी४ घसरण्याची वाट पाहण्याचा नियम पूर्णपणे सुटला २०१७ मध्ये.

खरोखर झोपलेला विषाणूही असतो. १९९७ मध्ये तो थोड्याशा विश्रांत स्मृतिपेशींत सापडला. औषधे त्याला स्पर्श करू शकत नाहीत, म्हणून ती थांबवली की संसर्ग परततो. तेव्हा तब्येत ठणठणीत आहे एवढ्यावर विसंबून चाचणी टाळू नका. संसर्ग निघाला तर उपचार लगेच सुरू करा आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडू नका.