शेततळ्यात पडलेलं मूल वर का येऊ शकत नाही?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राजूर परिसरात पावसाळ्यात भाताची आवणी सुरू झाली की घरातले सगळे शेतात असतात. लहान मुलं बांधावर खेळतात. जवळ शेततळं असेल, तर धोका तिथेच असतो.

२०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर राज्यात शेततळी वाढली. पाणी मुरू नये म्हणून अनेक तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरतात. ओला झाला की तो इतका निसरडा होतो की मोठ्या माणसालाही वर चढणं अवघड जातं. त्यात बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडतही नाही.

मग काय करायचं?

• तळ्याला कुंपण घाला आणि फाटक बंद ठेवा.
• गाठी मारलेले दोर काठावर पक्के बांधून पाण्यात सोडा.
• आवणीच्या वेळी मुलं अंगणवाडीत ठेवा किंवा एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडेच लक्ष द्यावं.
• घरातले पिंप झाका, बादल्या रिकाम्या ठेवा. तान्ह्या मुलाला वीतभर पाणीही पुरतं.

कुणी पडलंच, तर पोहता येत नसताना उडी मारू नका. दोर किंवा रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल, तर उलटं टांगू नका. लगेच तोंडाने श्वास द्या, छाती दाबा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.