द्राक्षबागेची वाट सातबाऱ्यातून

सातिवलीत आज शेत पाहायचं तर गाळ्यांच्या मागे जावं लागतं. मुंबई-अहमदाबाद महामार्गाजवळचा हा पट्टा कारखान्यांनी भरलाय. तरीही एखाद्या घरात कपाटातल्या पिशवीत चार-पाच गुंठ्यांचा सातबारा जपून ठेवलेला असतो. 'तेवढं विकायचं नाही,' असं घरातली म्हातारी माणसं बजावतात. त्यामागचं शहाणपण नाशिकला जमीन बघायला गेलं की कळतं.

चिंचोटी फाट्यावरून कामण, भिवंडी आणि पुढे कसारा घाट. गंगापूर धरणाच्या परिसरात आणि दिंडोरी तालुक्यात वाइनच्या द्राक्षबागा लागतात. राजीव सामंत यांनी इथल्या घरच्या जमिनीवर आधी आंबा आणि खायची द्राक्षं करून पाहिली, मग वाइनच्या जाती लावल्या. त्यांच्या 'सुला' कंपनीची पहिली वाइन 2000 साली आली. 2001 मध्ये राज्याचं वाइन धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. बागेशेजारी मुक्कामाची सोय झाली, तशी आसपासच्या शेतांना 'व्ह्यू'ची वेगळी किंमत लागली. खायच्या द्राक्षांचा मांडव डोक्यावर असतो. वाइनच्या वेली तारांवर रांगेने उभ्या, त्यामुळे नजर थेट धरणापर्यंत जाते. दलाल तिथेच गाडी थांबवतो.

बोर्दोत किंवा नापात परका माणूसही पैसे मोजून बाग घेऊ शकतो. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'तुम्ही शेतकरी का?' 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. राज्यात कुठेही स्वतःच्या नावावर शेती असेल तर प्रश्न सुटतो. सातिवलीतले ते चार गुंठे म्हणजे दिंडोरीचं प्रवेशपत्र. गाळ्यांच्या भरात शेवटचा गुंठाही विकून बसलेल्या घरात मात्र शेतकरीपण बोलण्यात उरतं, कागदावर नाही.

पुढची परीक्षा विकणाऱ्याच्या सातबाऱ्याची. 'भोगवटादार वर्ग 2' असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नाही. खातेदार आदिवासी असेल तर महसूल संहितेचं कलम 36-अ आडवं येतं. आपल्या पालघर जिल्ह्यासारखंच दिंडोरी, पेठ, सुरगाण्यातही हे पदोपदी भेटतं, आणि ते योग्यच आहे. 'इतर हक्क' या रकान्यात कुळ, बँकेचा बोजा, वहिवाट दडलेली असते. तुकडेबंदीमुळे 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत व्यवहारासाठी जिरायतीला किमान 20 आणि बागायतीला 10 गुंठे ठरले. म्हणून काही ठिकाणी एकाच एकराच्या खरेदीखतात आठ-दहा नावं घालतात. प्रत्येकाला कुंपण दाखवतात. मोजणीच्या नकाशात ते कुंपण नसतं.

'व्ह्यू' तर कुठल्याच खतात लिहिलेला नसतो. 2009 नंतर वाइन उद्योग अडचणीत आला, द्राक्षं पडून राहिली, तेव्हा नाशिकच्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटल्या. समोरची बाग शेजाऱ्याची आहे. भाव पडला तर तो उद्या तिथे टोमॅटो लावेल, नाहीतर तीही विकायला काढेल. खरेदीला निघालेल्याने इसार देण्याआधी दलालाची गाडी तलाठ्याच्या चावडीकडे वळवावी आणि फेरफार वाचावेत.

सातिवलीत त्या चार गुंठ्यांत यंदाही भात उभा आहे. पलीकडे गाळ्याची भिंत आहे. मोबाइलवर ई-पीक पाहणीचा फोटो काढताना भिंत येऊ नये म्हणून पोरगा बांधावर वाकून उभा राहतो.