उंबऱ्याबाहेरचे जोडे

आमच्या निपाणीत दवाखान्याच्या दाराशी ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी लावावी लागत नाही. माणसे आपणहून उंबऱ्याबाहेर जोडे काढतात आणि बाळाला छातीशी धरून आत येतात. तपासणीच्या खोलीचे दार उघडे असले की ती रांग मला खुर्चीवरून दिसते. तंबाखूच्या वखारीतून थेट आलेल्या बाईच्या झिजलेल्या रबरी चपला, जवळच्या खेड्यातील शेतकऱ्याचे जाड तळव्याचे पायताण, शिक्षिकेच्या टाचेच्या चपला, पाऊल पडले की दिवे लागणारे मुलांचे बूट, आणि अलीकडे सर्वांत अधिक म्हणजे बाजूवर परदेशी कंपनीची खूण मिरवणारे बूट. यांतले खरे किती आणि खोटे किती, हे आठवड्याच्या बाजारात फेरफटका मारणाऱ्याला सांगायला नको.

पंचवीसहून अधिक वर्षे ही रांग पाहता पाहता मला एक खोड जडली. आत येणारे कुटुंब कोणत्या परिस्थितीतले, किती शिकलेले, सांगितलेले ऐकणारे की न ऐकणारे, याचा अंदाज मी त्यांच्या जोड्यांवरून बांधू लागलो. आपल्या जुन्या वैद्यकाने रोगिपरीक्षेचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन मार्ग सांगितले आहेत. आधुनिक शिक्षणातही निरीक्षणाचा मान पहिला. मात्र दर्शन घ्यायचे ते बाळाचे, बाळाच्या बुटांचे नव्हे, हे एम.डी.च्या परीक्षेत मला कोणी विचारले नव्हते. ते मला २००९ च्या पावसाळ्यात कळले. स्मरणिकेसाठी लिहिताना आपण सहसा यशाची प्रकरणे निवडतो. हे तसे नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

संध्याकाळची वेळ, बाहेर संततधार, बाकडी भरलेली. चौदा महिन्यांचा मुलगा, दोन दिवसांचा ताप आणि खोकला. श्वासाची गती मिनिटाला ५२. परंतु छाती आत ओढली जात नव्हती, बाळ अंगावर पीत होते. न्यूमोनिया होता, पण घरी उपचार करता येण्याजोगा. वडिलांच्या टी-शर्टवर छातीशी मगरीचे चिन्ह, हातात मोठा मोबाईल, आईच्या खांद्याला नामांकित कंपनीची पर्स, आणि अजून धड चालताही न येणाऱ्या बाळाच्या पायांत तीन पट्ट्यांचे इवलेसे बूट. ते बूट त्यांनी बाहेर काढले नव्हते. मीही काढा म्हटले नाही.

मी चिठ्ठी लिहिली. साधे अमॉक्सिसिलिन त्या बाळाला पुरले असते. परंतु ‘अशा’ घरातील लोकांना स्वस्त औषध लिहिले की ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, असा एक हिशेब त्या क्षणी माझ्या मनात होता. मी त्याच औषधाचे महागडे संयुक्त रूप, तेही मोठ्या कंपनीचे, लिहून दिले. दोन बाटल्या, सोबत आणखी दोन औषधे. खर्च झेपेल का, असे विचारले नाही. विचारले तर त्यांचा अपमान होईल असे वाटले. तीच बाई रबरी चपला काढून आत आली असती तर मी नक्की विचारले असते.

दोन दिवसांनी दाखवायला या म्हटले होते. ते आले पाचव्या दिवशी रात्री. बाळ कण्हत होते, बरगड्यांमधली जागा प्रत्येक श्वासाला आत जात होती. उजव्या छातीत पू झाला होता. त्याच रात्री बेळगावला पाठवले. तिथे छातीत नळी घालावी लागली, तेरा दिवस मुक्काम झाला आणि आईच्या गळ्यातले डोरले गहाण पडले. बाळ वाचले. मागाहून उलगडले ते असे: वडील दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक होते. टी-शर्ट बाजारातला, मोबाईल मित्राचा, पर्स मालकिणीने वापरून दिलेली. औषधाच्या दोन बाटल्यांऐवजी त्यांनी एकच घेतली आणि ती पुरावी म्हणून निम्म्या मात्रेने दिली. पुन्हा दाखवायला येण्याचे पैसे उरले नव्हते.

पूर्ण मात्रा पोटात गेली असती तर पू झालाच नसता, असे कोणताही प्रामाणिक वैद्य छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु स्वस्त औषध पूर्ण मात्रेत देण्याची संधी मी त्या बाळाला दिली नाही, एवढे निश्चित.

घरी परतल्यावर ते दाखवायला आले तेव्हा मी, काहीशा अपराधी भावनेने आणि म्हणूनच थोडे चिडून, वडिलांना विचारले, “परवडत नव्हतं तर सांगायचं नाही का?” तो खाली मान घालून म्हणाला, “साहेब, तुम्ही नीट बघावं म्हणून तर चांगलं घालून आलो हुतो.” पूर्वी कुठेतरी कामाच्या मळक्या कपड्यांत तो बाळाला घेऊन गेला होता आणि मागून आलेले लोक आधी आत गेले होते. त्यातून त्याने जो धडा घ्यायचा तो घेतला होता. माझ्याकडे येताना त्याने उसनवारीवर जी ओळख धारण केली, ती माझ्यासाठीच होती, आणि मी ती तंतोतंत खरी मानली.

त्या दिवशी त्यांच्यासोबत बाळाचे आजोबाही आले होते. जाताना मी दारापर्यंत गेलो, तेव्हा उंबऱ्याबाहेर एक जोड दिसला. मधाच्या रंगाचे चामडे, बारीक वेणीचा अंगठा, दोन्ही बाजूंना कान, आणि कुठेही खिळा नाही. “कुठं घेतलात, आजोबा?” असे विचारता ते ओशाळून हसले. त्यांनीच केला होता. निपाणीजवळच्या एका खेड्यात त्यांच्या तीन पिढ्या हेच काम करीत आल्या होत्या. मग मुलाने स्वतःच्या पायांत नकली बूट का घालावेत? मी विचारले. उत्तर मुलानेच दिले. “चप्पल घातली की लोक इचारत्यात, घरीच करता काय? बूट घातला की कोण काय इचारत न्हाई.”

ब्रँडच्या वेडावर टीका करणे मला तोवर फार सोपे वाटत असे. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरात खादीचा आणि साधेपणाचा अभिमान होता. पण साधेपणाचा अभिमान ज्यांना परवडतो, त्यांचे आडनाव आणि आळी कोणी संशयाने विचारीत नसते. चामड्याच्या कामाशी जात जोडलेल्या घरातील तरुणाला बुटावरची परदेशी खूण ही मिरवण्याची वस्तू नसते. ती पडद्यासारखी असते. तिच्यामागे तो चार घटका निवांत उभा राहू शकतो. हे मला पुस्तकातून नव्हे, त्या एका वाक्यातून समजले.

आणि तो जे लपवीत होता ते किती मोलाचे! आमचे बरेच लोक ‘कोल्हापुरी’ चप्पल विकत घ्यायला कोल्हापूरला जातात आणि निपाणी, अथणी भागात तयार झालेला जोड घेऊन परत येतात. शेजारच्या कागल तालुक्यातील सेनापती कापशीचे नाव तर ‘कापशी’ या प्रकारालाच मिळाले आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे कमवायचे, तळवे थर लावून ठोकायचे, चामड्याच्याच वादीने शिवायचे. यांतील विणीच्या व शिवणीच्या कामाचा मोठा भाग घरातील स्त्रिया करतात. माल आमचा, नाव कोल्हापूरचे. पुढे २०१८-१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे समाविष्ट झाले. ज्या दोन राज्यांचा सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी एका चपलेचे नाव मात्र जोडीने नोंदवले! सीमाभागातील माणसाला यात गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. अथणीच्या कारागीर स्त्रियांनी तर त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, ‘टोहोल्ड’ हे स्वतःचे नाव घेऊन जोडे परदेशी पाठवायला सुरुवात केली होती. त्याची आमच्या गावात फारशी वाच्यता झाली नाही.

नाव बदलले की वस्तू बदलल्यासारखी वाटते, हे केवळ चामड्याचे नाही. मुलांच्या जिभेचेही तसेच आहे. २००७ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या रॉबिन्सन व सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच खाऊ दोन वेष्टनांत दिला. एक कोरे, दुसऱ्यावर मॅकडोनाल्डची खूण. मुलांना खुणेचा खाऊ अधिक चवदार लागला. त्यात गाजरेही होती, जी ती कंपनी तेव्हा विकतही नव्हती. मुले अजाण असतात म्हणावे, तर १९८१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील अभ्यास आठवावा. डोकेदुखीच्या ८३५ स्त्रियांपैकी ज्यांना नावाजलेल्या वेष्टनातील गोळी मिळाली, त्यांना बिननावाच्या वेष्टनातील त्याच गोळीपेक्षा अधिक आराम पडला. खुणेचा गुण गोळीला लागतो, तर माणसाला का लागू नये?

आमच्या शाखेला याचा अनुभव दुधाच्या डब्यांनी पूर्वीच दिला आहे. बाळाच्या दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापण्यास आणि त्याची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने अधिक कडकपणे, मनाई केली. चित्र गेले, प्रतिष्ठा राहिली. बाळंतिणीच्या खोलीत पाहुण्यांना दिसेल अशा फळीवर डबा ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे. अंगावर भरपूर दूध असलेली आई तो डबा मला का दाखवते? ‘आम्ही बाळासाठी काही कमी करीत नाही’ हे तिला मला, आणि माझ्याआधी सासूला, सांगायचे असते. अशा वेळी स्तन्यपानाचे व्याख्यान देण्यापूर्वी ‘बाळाचं वजन छान वाढलंय, हे तुझ्या दुधाचं’ एवढे वाक्य मी आधी म्हणतो. पुष्कळदा व्याख्यानाची गरज उरत नाही.

आणि आपण डॉक्टर? भिंतीवरच्या पदव्या, दाराशी उभी गाडी, मनगटावरचे घड्याळ, चिठ्ठीवरील मोठ्या कंपनीचे नाव, हे सारे आपल्याही ओळखीचे उसने कपडेच. औषधे शक्यतो मूळ नावाने लिहावीत असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत सांगितले होते. माझ्या त्या चिठ्ठीच्या वेळी हा नियम सात वर्षांचा जुना होता. त्या प्रसंगानंतर मी एक केले. प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ‘आज औषधाला किती खर्च जमेल?’ असे विचारू लागलो. एका प्रतिष्ठित गृहस्थांना त्याचा राग आला आणि ते पुन्हा आले नाहीत. बाकी कोणाची तक्रार नाही.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात पुरुषांच्या पायांत अगदी कोल्हापुरीसारखे जोडे झळकले आणि मूळ नावाचा उल्लेख नव्हता, म्हणून आपल्याकडे मोठा गदारोळ उठला. कंपनीने पुढे पत्र पाठवून प्रेरणा कोठली ते मान्य केले. तिची माणसे कोल्हापूरला येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार होऊन येथील कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे ठरले; किंमत जोडीला सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर.

गदारोळ ताजा होता त्या जुलैत ते आजोबा दवाखान्यात आले. सोबत तोच नातू, आता सतरा वर्षांचा. पदविकेच्या प्रवेशासाठी आरोग्याचा दाखला हवा होता. वर्तमानपत्रातले चित्र मी आजोबांपुढे धरले. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी कागद खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “जोडाला मजुरी किती दिली आसंल?” किमतीचा आकडा मी सांगितला, मजुरीचा मला ठाऊक नव्हता. “न्हाई, मजुरी इचारतोय,” ते पुन्हा म्हणाले. नातू मोबाईलमध्ये पाहत होता. त्याच्या पायांत परदेशी खुणेचे बूट होते, आणि ते या खेपेस खरे असावेत. सुटीत दुकानात काम करून घेतले, असे आजोबांनी न विचारता सांगितले. मला हे लिहायला संकोच वाटतो, पण तो आत आला तेव्हा माझी नजर पुन्हा आधी बुटांवरच गेली होती.

मी त्याला बूट काढून काट्यावर उभे राहायला सांगितले. वजन ५३ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. सदरा वर करून पाठ तपासताना उजव्या काखेखाली नळीची खूण दिसली. वाढत्या अंगाबरोबर तीही थोडी लांबली होती. दोन्ही बाजूंना हवा सारखी जात होती.